पाच बोटांचं पान

सून — आई, पेड सैल सोडताय तुम्ही. चाकाला ओढच लागत नाही.

थोरली — सैल? माझ्या हातातला पेड सैल? तुझा नवरासुद्धा असं बोलायला धजत नाही. तू आपलं चाक फिरव.

(दोर वळायची लांबट शेड. एका टोकाला सून चाक फिरवतेय. तिची सासू, म्हणजे घरची थोरली, कमरेला अंबाडीच्या वाखाचा, म्हणजे सोललेल्या धाग्याचा गुंडाळा बांधून, बोटांतून वाख सोडत उलट पावलांनी मागे मागे चाललीय. मध्ये पेड ताणलेला. तो पुरा होईपर्यंत दोघींपैकी एकीलाही हातातलं काम सोडता येत नाही, आणि बोलायचं तर घसा ताणून बोलावं लागतं. हळू सांगण्यासारखं काही पोटात असलं, की ही शेड नको वाटते.)

सून — संध्याकाळी बैठक आहे. ध्यानात आहे ना?

थोरली — दोरवाल्यांची बैठक मी विसरेन? मी जाऊन बसल्याशिवाय सुरू तरी होते का ती?

सून — गटानं घेतलेल्या नव्या जमिनीत यंदा काय लावायचं, ते ठरायचंय.

थोरली — ते ठरलेलंच आहे. अंबाडी.

सून — तुमच्यापुरतं ठरलंय. निम्मे लोक भांग लावा म्हणतायत. पाणी कमी लागतं, धागा लांब निघतो, ओलाव्यात लवकर कुजत नाही. आता तर परवानाही देतात.

थोरली — परवान्यानं काय नाव बदलतं? रस्त्यानं निघाले की लोक म्हणणार, त्या बघा भांगवाल्या बाई चालल्या.

सून — दोराच्या भांगेत नशा नसते, आई. किती वेळा सांगू? टोपलंभर खाल्ली तरी नुसतं पोट दुखेल.

थोरली — मग मी तेच दारोदार सांगत फिरते. आमचं खाऊन बघा हो, काही होत नाही, नुसतं पोट दुखतं.

सून — तुमच्या अंबाडीचं तरी काय एवढं? भिजत घातली की अख्खी गल्ली नाकाला पदर लावते.

थोरली — लावू दे. त्या वासापायी दारात जीप नाही येत कुणाची.

सून — हं.

थोरली — काय झालं? चाक का मंदावलं?

सून — जीपचं नाव काढलंत ना.

थोरली — निघालं तोंडातून. फिरव तू.

सून — बैठकीत दुसराही विषय आहे. मीच मांडणार आहे. जाळीवाल्याला गटातून काढा म्हणून.

थोरली — त्या बिचाऱ्याला? का?

सून — बिचारा? माझ्या शेतातल्या पट्ट्यात चोरून भांग लावलीय अशी खबर त्यानं कचेरीत दिली, आई. अधिकारी स्वतः म्हणाला, खबर देणारा तुमच्याच धंद्यातला आहे, पानाचं अगदी बरोबर वर्णन केलंय. आणि आदल्याच आठवड्यात हा बांधावर उभा राहून विचारत होता, वहिनी, भांग लावली का?

थोरली — अधिकारी काय, वाट्टेल ते बोलतात. झालं ते झालं. सोडून दे.

सून — तुम्ही सांगताय सोडून द्यायला? शेजारणीनं न विचारता बादली नेली होती, माझ्या लग्नाच्या आधी. ते अजून सोडलं नाहीत तुम्ही.

थोरली — बादलीची गोष्ट वेगळी. ती फुटकी परत आली होती.

सून — मीही धड परत आले नाही, आई. गल्लीदेखत जीपमध्ये घातलं मला. अंबाडी आहे, अंबाडी आहे म्हणून ओरडत होते, कुणी ऐकेना. तोवर जीपमधल्या माणसांनी सगळं उपटून, तुडवून टाकलेलं. कचेरीत बाकावर बसवलं. शेजारी एक पिऊन लवंडलेला. तो विचारतो, ताई, तुम्हाला कशात धरलं? मी म्हटलं, अंबाडीत. म्हणाला, ही नवीनच दिसतेय, कुठं मिळते?

थोरली — मेला.

सून — हसू येतंय तुम्हाला?

थोरली — नाही गं. हसायचं काय त्यात.

सून — शेवटी त्यांनी उपटून आणलेल्या झाडाचं पान मीच तोंडात घालून चावलं. साहेबाला म्हटलं, तुम्हीही चावा. आंबट लागल्यावर तोंड वाकडं केलं आणि सोडलं मला. म्हणाला, पानं सारखी दिसतात, आमचा काय दोष?

थोरली — तो तसं म्हणाला? सारखी दिसतात म्हणून?

सून — दिसतातच. पण मी तो पट्टा का लावला होता ठाऊक आहे? तुमच्यासाठी. म्हटलं, एवढं अंबाडी अंबाडी करतात, आपण एकदा हातानं लावून बघू. वाख चांगला निघाला असता तर पहिला भारा तुमच्यापुढे आणून टाकणार होते. म्हणणार होते, घ्या, तुमचं खरं, मी भांगेचं नाव काढणार नाही.

थोरली — मला सांगायचं तरी होतंस.

सून — सांगितल्यावर गंमत काय राहिली? आई, पेड पुन्हा सैल पडलाय.

थोरली — हात घामेजलाय.

जाळीवाला — वहिनी, येऊ का आत? माझा दोर न्यायचा होता.

सून — दारातच थांबा. दोर मिळणार नाही.

जाळीवाला — सांगावा मिळाला मला. पण तोंडावर ऐकून घ्यावं म्हणून आलो. जाळी अर्धी विणून पडलीय. कडेचा दोर नसला तर ती पाण्यात टाकायची कशी?

सून — ते खबर देताना सुचायला हवं होतं.

जाळीवाला — मी नाही दिली हो खबर. आता कुणाच्या गळ्याची शपथ घेऊ? काकू, तुम्ही लांब उभ्या आहात, पण ऐकताय ना?

थोरली — ऐकतेय.

जाळीवाला — मग सांगा की यांना. शाळेत जायच्या आधीपासून तुमच्या शेडमध्ये लोळलोय मी. भांडखोर म्हणा मला. बैठकीत मी ताग लावा, ताग लावा म्हणून डोकं खातो, कारण तागाची जाळी हाताला मऊ लागते. पण चहाडी?

सून — बांधावर येऊन विचारलं नव्हतंत, भांग लावली का म्हणून?

जाळीवाला — विचारलं. तुम्ही म्हणालात, अंबाडी आहे. मी काय केलं मग?

सून — काय केलंत?

जाळीवाला — आठवा. पान तोडलं, तोंडात टाकलं, आंबट लागलं, थुंकलो आणि गेलो. मला पक्कं ठाऊक होतं ती अंबाडी आहे. मग मी कशी खबर देईन? ज्यानं दिली त्याला अंबाडी ओळखताच येत नव्हती.

सून — आपल्या धंद्यात अंबाडी न ओळखणारं कोण आहे?

जाळीवाला — तेच म्हणतोय मी. काकू तर डोळे मिटून ओळखतात.

थोरली — वाख ओळखते रे मी.

सून — काय म्हणालात, आई? चाकापुढे ऐकू येत नाही.

थोरली — वाख ओळखते, म्हटलं! झाड नाही!

सून — म्हणजे?

थोरली — म्हणजे काय म्हणजे? सगळ्या शेडला ओरडून सांगू? मी दिली! खबर मी दिली!

जाळीवाला — काकू!

थोरली — चाक थांबवू नको! पेडाला गाठी पडतील!

सून — पडू देत.

थोरली — त्याच्याकडे बघू नको, माझ्याकडे बघ. नाहीतर नको बघूस. उभी अंबाडी मी जन्मात पाहिली नव्हती गं. आमच्या माहेरी पानं झडलेल्या काड्यांचे भारे यायचे. इथेही तेच. बाजारातली भाजीची जुडी हजारदा निवडली, पण ती कोवळी, तिचं पान आख्खं. तुझ्या बांधावर गेले तर डोक्याच्या वर गेलेली झाडं, आणि पान फाटलेलं, पाच बोटांचं. तू बैठकीत चित्र नाचवलं होतंस ना भांगेचं? अगदी तसंच. तशीच कचेरीत गेले.

जाळीवाला — कोवळेपणी आख्खं असतं, काकू. झाड वाढलं की फाटतं ते.

थोरली — आता कळलंय मला ते. तू नको शिकवूस.

सून — मला विचारलं का नाहीत?

थोरली — तुला?

सून — घरातच होते मी. तुमच्या पुढ्यात भाकरी वाढत होते. एका शब्दानं विचारायचं, हे काय लावलंयस?

थोरली — विचारलं असतं तर मला कळत नाही असं झालं असतं.

सून — एवढ्यासाठी?

थोरली — एवढ्यासाठीच. आता यापुढे काय सांगू? मी त्यांना म्हटलं होतं, गुपचूप या, उपटा आणि जा, घराचं नाव कुठे निघू देऊ नका. जीप आणतील, तुला बसवून नेतील, असं वाटलं नव्हतं मला.

सून — घराचं नाव. त्यात मी होते की नव्हते?

थोरली — बोल. बोल तू, मी ऐकतेय.

सून — मी त्या दिवशी परत आले तेव्हा तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडला होतात. पाणीसुद्धा विचारलं नाहीत. मला वाटलं, माझ्यामुळे घराला खाली बघावं लागलं म्हणून रागावल्या. रात्रभर मीच स्वतःला दोष देत पडले.

थोरली — अंबाडी होती हे तू दारातच सांगितलंस नवऱ्याला. आतून ऐकलं मी. मग वळायला तोंडच राहिलं नाही.

जाळीवाला — वहिनी, मी जातो. दोराचं नंतर बघू.

सून — थांबा.

थोरली — थांब तू. बैठकीत हिनं तुझं नाव काढायच्या आधी मीच उठून सांगणार आहे.

जाळीवाला — राहू द्या, काकू. घरातली गोष्ट घरात राहू दे. माझा काही राग नाही.

थोरली — तुझा राग कुणी विचारलाय? जीप काय घरात आली होती? गल्लीनं पाहिलंय, तर गल्लीनंच ऐकायला हवं.

सून — हसतील तुम्हाला. वर्षभर पुरेल त्यांना. अंबाडी न ओळखणारी दोरवाली म्हणून.

थोरली — तुला कशात धरलं विचारत होता ना तो बाकावरचा? मला तर कुणी बाकावरसुद्धा बसवलं नाही. हसू देत.

सून — आणि पीक? त्याचं काय सांगाल?

थोरली — कुठल्या तोंडानं सांगू? ज्यांनी झाडं पाहिलीयत त्यांनी ठरवावं. मी मागे बसेन.

सून — माझं मत अजूनही भांगेचंच आहे, हे सांगून ठेवते.

थोरली — असू दे. तुझा पट्टा सगळा गेला का गं?

सून — कुंपणालगतची चार झाडं वाचलीत.

थोरली — उद्या नेशील मला? उभी बघायचीत.

सून — जाळीवाले, चप्पल काढा आणि आत या. या शेवटच्या पेडाच्या गाठी सोडवू, मग तिन्ही पेडांचा दोर वळायचाय. पेड वेगळे ठेवणारा मधला ठोकळा धरायला माणूस नाही.

जाळीवाला — मी धरू?

सून — तुमच्याच जाळीचा दोर आहे तो. तिन्ही खाचांत एकेक पेड बसवा. हां. आई, टोकं हातातल्या आकड्यात अडकवलीत?

थोरली — अडकवलीत.

सून — फिरवतेय.

थोरली — पीळ बसायला लागला गं. दोर आखडतोय. मला ओढतोय तुझ्याकडे.

सून — ओढेल तशा पुढे या.

थोरली — तू अजून मला काही बोलली नाहीस.

सून — बोलेन. घरी गेल्यावर बोलेन. आत्ता तेवढं टोक सोडू नका.