आधी तू जा, मग मी

आमचं मूळ राजापूरकडचं. तिथे मी बारावी झाले, आर्ट्समधून, आणि चांगल्या मार्कांनी झाले हां, पण बाबा म्हणाले आता स्थळं बघूया, मग बघितली आणि मी भाईंदरला आले. वीस वर्षं झाली. जेसल पार्कला राहतो आम्ही, दोन्ही भाऊ एकत्रच, मी थोरली, सुप्रिया माझी धाकटी जाऊ, आणि सासूबाई. काय सांगू तुम्हाला, सुप्रियाचं नाव निघालं ना की आजही माझ्या पोटात दुखतं, खोटं कशाला बोलू.

मी इथल्याच एका शाळेत सकाळच्या नर्सरीला मावशी आहे, म्हणजे पोरांची नाकं पुसायची, डबे उघडून द्यायचे, शू-शी बघायची. एक मुलगा होता, शाळेत आल्यापासून त्याने तोंडातून शब्द काढला नव्हता. टीचर थकल्या, आईबापाला बोलावून झालं. मी काय करायची, खाऊच्या सुट्टीत त्याला घेऊन बसायची आणि हा डबा कोणाचा, हा कोणाचा, असं विचारायची, तो नुसतं बोट दाखवायचा. मी मुद्दाम चुकीच्या पोराला डबा द्यायला लागले. एक दिवस चिडला आणि ओरडला, मावशी, तो आर्यनचा! मी रडलेच. तेव्हा मोठ्या मॅडम म्हणाल्या, मावशी, तुम्ही मानसशास्त्र शिका, घरी बसून बीए करता येतं, रविवारी तेवढं लेक्चर असतं. हे मला म्हणाल्या हां, सुप्रियाला नाही. मी घरी येऊन सांगितलं तर ही ब्लाऊज शिवत होती, मशीन थांबवून म्हणते, ताई, मी पण येते.

आता दोघी कशा जाणार? सासूबाईंचं अर्धं अंग गेलेलं, त्यांना उठवायचं, भरवायचं, रविवारी एक बाई घरात पाहिजेच. तुम्ही म्हणाल पुरुष होते ना घरात. होते. रविवारी ते झोपलेले होते. आणि त्या वर्षी माझ्या पोराची दहावी, म्हणून मीच म्हटलं, सुप्रिया, आधी तू जा, मग मी, पुस्तकं काय घरातच राहतील, तीच मला होतील. गावाला आमच्याकडे असंच, थोरल्याची पुस्तकं धाकट्याला, तेच माझ्या डोक्यात, इथे उलटं झालं एवढंच. विषय कुठे पळून जातोय असं वाटलं मला. विषय पळून जातो हे कोणाला ठाऊक!

तीन वर्षं तिचे रविवार मी सांभाळले. ती पर्स लटकवून जायची, मी मासे साफ करत बसायची. आणि त्या डबेवाल्या पोराची गोष्ट तिने आपल्या असाइनमेंटमध्ये लिहिली, माझी गोष्ट, मीच सांगितलेली, तिला त्यात सगळ्यात जास्त मार्क पडले. फर्स्ट क्लासमध्ये पास झाली.

मग माझा नंबर. गेले अभ्यासकेंद्रावर, तर तिथले सर म्हणतात, मानसशास्त्र बंद झालं ताई. मी म्हटलं बंद कसं, माझी जाऊ आत्ता पास झाली. ते म्हणाले, वरून अनुदान कमी झालं, तो विषय शिकवणाऱ्या बाई रिटायर झाल्या त्यांच्या जागी कोणी भरलं नाही, पोरं थोडी असलेले विषय काढून टाकले, आता इथे कॉमर्स आहे, कॉमर्स घ्या, सगळे तेच घेतायत. मी विचारलं दुसरीकडे कुठे? तर खाजगीवाल्यांचं ऑनलाइन आहे म्हणाले, आणि त्याची फी ऐकून मी उठलेच.

घरी आले तर सुप्रियाने तिची सगळी पुस्तकं नवीन कव्हरं घालून माझ्या पलंगावर ठेवलेली. काय वाटलं असेल मला, तुम्हीच सांगा.

त्याच आठवड्यात पोस्टमन तिचं डिग्री सर्टिफिकेट घेऊन आला. घरी मीच होते. मी सही केली, पाकीट घेतलं आणि माझ्या कपाटात साड्यांच्या खाली सरकवलं. आठ दिवस. हो, ठेवलं मी. ती रोज विचारायची, ताई, पोस्टमन आला होता का, आणि मी नाही म्हणायची. तिला नोकरीचा फॉर्म भरायचा होता, शेवटची तारीख जवळ आलेली. शेवटी ती पोस्टात गेली, तिथे त्यांनी माझी सही दाखवली. आली, चप्पल काढून उभी राहिली. मी पाकीट काढून दिलं. भांडली असती ना तर बरं झालं असतं. तर म्हणते, ताई, यावर तुझं नाव असायला पाहिजे होतं. त्याने तर मला आणखीच लागलं.

नोकरी लागली तिला, आणि कुठे लागली? माझ्याच शाळेत, दुपारच्या वेळेला, हळू शिकणाऱ्या पोरांना घेऊन बसायची. मी बाहेर पडते तेव्हा ती आत शिरते. वॉचमन तिला म्हणतो, नमस्ते मॅम, आणि त्याच तोंडाने मला, मावशी, कचरे का डिब्बा बाहर रखा क्या? ती खाली मान घालून जाते, पण जाते आतच.

मी कॉमर्स घेतलंय. नाही घेतलं तर तेही बंद करतील. डेबिट-क्रेडिट डोक्यात शिरत नाही, मला पोरं कळतात हो, आकडे नाही कळत. आता रविवारी मी जाते आणि ती सासूबाईंचं बघते, मी येईपर्यंत माझं ताट झाकून ठेवते, कधी चुकत नाही. वाईट नाहीये ती, हेच तर आहे ना. देव तिचं भलं करो, खूप भलं करो. फक्त जरा माझ्या नजरेआड करो.