भरल्या ताटावरून

मले एक सांगा, लिहिलं कोरियाच्या माणसानं, हिंदीत छापलं दिल्लीवाल्यानं, अन् शिव्या खावाच्या मी? तेव्हा मी आरमोरीले वाचनालयात पुस्तकं देत होतो. ती कादंबरी एकाच घरातल्या तीन पिढ्यांच्या मारामारीची. पण लेखकानं लिहिली अशी का खून होते अन् वाचणाऱ्याले हसू येते. म्हणून हौसेनं, नेहमी पुस्तकं न्याले येणाऱ्या नामदेवभाऊले दिली. चौथ्या दिवशी भाऊ वहिनीले घेऊन आले अन् पुस्तक टेबलावर आपटलं.

"असलं वाचाले देतं?"

"खून लय आहेत, नाई का भाऊ?"

"खुनाचं सोड बे! मोठ्या भावानं लहान्याले भरल्या ताटावरून उठवलं. अन् लेखक त्याच्यावर हसून राह्यला! माणसं होत का जनावरं?"

सारं वाचनालय माह्याकडं पाहून राह्यलं, जसं मीच कोणाचं ताट ओढलं.

तेवढ्यात वहिनी हळूच म्हणाल्या, "अन् शेतातल्या बोडीतल्या मासोळ्यांच्या वाटणीवरून तुम्ही आपल्या बारक्या भावाले ताटावरून उठवलं, ते? सात वर्षं झाले, तो आपल्या घरी पाणी नाई पेला."

 भाऊ माह्यावरच ओरडले, "आमच्या घरची गोष्ट कोरियात कोणं सांगितली बे?"