कमलताईंची पाठवणी

कमलताईंना माहेर दिसेपर्यंत चहात साखर घेणार नाही, असं मी महादेवाला बोलले होते.

जिल्हा फुटल्यावर भंडारा-गोंदियाचं नातं टिकावं म्हणून आम्ही बायांनी जोडगाव मंडळ काढलं. एका वर्षी गोंदियाच्या बाया भंडाऱ्याला येत, पुढच्या वर्षी आम्ही तिकडे जायचो. सगळी उठाठेव कमलताईंची. त्यांचं माहेर गोंदियाचं, पण भाऊ गेल्यावर बोलावणारं कोणी उरलं नव्हतं. आम्हाला वरठी स्टेशनावर गाडीत बसवून त्या गाडी दिसेनाशी होईपर्यंत फलाटावर उभ्या राहायच्या. ‘चला न’ म्हटलं की म्हणायच्या, “बिनबोलावण्याची माहेरी कशी जाऊ वो?”

मागे मंडळाने त्यांचा सत्कार केला. गोंदियाच्या अध्यक्षबाईंनी ओटी भरली. ताई पदर सावरत उठल्या आणि थेट दाराकडे निघाल्या.

“कुठं चालल्या वो? भाषण बाकी हाये!”

“ओटी भरली म्हणजे पाठवणी आली. मंग पाठवा न मले गोंदियाले!”

सगळ्या हसल्या. अध्यक्षबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी ताईंचा हात धरला. “चला. आजपासून मी तुमची भावजय.”

त्या संध्याकाळी ताई त्यांच्यासोबत गोंदियाला पोचल्या आणि मी चहात दोन चमचे साखर घातली.

तुमच्या ओळखीत अशी कोणी असेल, तर तिच्यासाठी तुम्हीही साखर सोडून पाहा. पण महादेवाच्या आधी तिला सांगा, ‘माझ्या घरी माहेरपणाला ये.’