वायर दिसता कामा नये

दोष श्यामकांतमामाचा! आधीच सांगून टाकतो, नंतर गोलगोल नको. सख्खा मामा आहे माझा, अंबरनाथच्या कारखान्यातून ऑफिसर म्हणून रिटायर झालाय, आणि आता कात्रपच्या एका शाळेचा विश्वस्त आहे... म्हणजे काय करतो? वर्गावर्गात जाऊन पंखे बंद करतो!

तर हा मामा मला म्हणाला, "उन्मेष, डिप्लोमा अर्धवट सोडून घरी लोळतोयस, त्यापेक्षा आमच्या कॉम्प्युटर लॅबचं नेटवर्क कर. उद्घाटन नीट झालं, की लॅब असिस्टंट तूच." आणि मला नोकरी हवी होती हो! आमच्याकडे दुसरा चहा मागितला तरी "पुढे काय ठरवलंयस?" असं विचारतात.

तुम्हाला सांगतो, काय केली होती लॅब! टेबलांना चाकं, वायरी मोकळ्या, पोरांनी आज सगळे कॉम्प्युटर एकाला एक जोडायचे, उद्या गट पाडायचे, परवा सगळं उपटून पुन्हा... स्वतः जोडल्याशिवाय नेटवर्क कळतं का कुणाला? केबल घेतली तो कॅम्प पाचचा सिंधी दुकानदार तर म्हणाला, "अरे साईं, केबल के इतने छोटे टुकडे? शादी में बाँटेगा क्या?"

मामा आला. चष्मा वर, चष्मा खाली. "हे काय लोंबतंय? वायर दिसता कामा नये!"

"मामा, पोरं त्यावरच शिकणार आहेत."

"आमच्या कारखान्यात एक वायर दिसायची नाही!"

अरे, तुमच्या कारखान्यात काय सातवीचा वर्ग भरायचा? पण ऐकतो कोण! वर मलाच, "जा, केस कापून ये. उद्या पाहुणे आहेत."

गेलो. सकाळी येऊन बघतो तर... वायरी गायब! भिंतीत खाच मारून, वायरी पुरून, वर प्लास्टर, वर पिस्ता रंग, तोही ओला! टेबलं जमिनीला ठोकलेली! आणि माझा क्रिंपर? वायरीला टोक बसवायची माझी पक्कड, खिडकीत ठेवलेली? गवंडी म्हणतो, "खाच भरायला काहीतरी लागतंच ना! साहेब बोल्ले, काय पन दिसता कामा नये."

उद्घाटनाला आलेल्या मॅडमनी सातवीतल्या इराला विचारलं, "बाळा, हे दोन कॉम्प्युटर वेगळे जोडून दाखवतेस?"

इराने भिंतीकडे बघितलं. मामाकडे बघितलं. "मॅडम, गवंडीकाकांना बोलवावं लागेल."

सगळे हसले! आणि मामा, सगळ्यांसमोर, माझ्याकडे वळून, "उन्मेष, हे काय करून ठेवलंस?"

मी! मी केस कापत होतो!

असो. नोकरी गेली. क्रिंपर तिथेच आहे, कात्रपला, भिंतीत. दिसत नाही.