दोष आमच्या घराचा ठरला होता

मी, नेत्रा धर्मराज रोकडे, वय ३८ वर्षे, धंदा घरोघरी स्वयंपाक, राहणार उल्हासनगर कॅम्प ४. माझे पती धर्मराज यांच्या अकस्मात मृत्यूच्या चौकशीत बोलावल्यावरून समक्ष सांगते की,

माझे पती जवळच कमलेश शेठ यांच्या फर्निचरच्या गाळ्यात स्प्रेने पॉलिश मारीत. पॉलिश लवकर कडक व्हावे म्हणून त्यात घालायचे हार्डनरही तेच कालवीत. त्यांना बिडी-तंबाखू नव्हती. लग्न झाले तेव्हा दमा नव्हता. तो या कामावर लागल्यानंतरचा आहे.

खोकला घरी आल्यावर संध्याकाळी उठायचा. सुट्टीत आम्ही बदलापूरला हेंद्रेपाड्यात नणंद शीला यांच्याकडे जायचो, तिथे त्यांना बरे असायचे. नणंद म्हणाल्या, "वहिनी, तुमच्याच घरात कायतरी आहे. इथे बघा, दादा कसा मोकळा बसलाय." मलाही ते पटले. मी बुद्धवंदनेची अगरबत्ती बंद केली, नुसती मेणबत्ती लावू लागले. फोडणीत मिरची बंद केली. सासूबाईंची गोधडी टाकली. शेवटी खोलीसुद्धा बदलली. खोकला तसाच राहिला. घर नीट ठेवता येत नाही याची मला लाज वाटायची.

नंतर सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांनी श्वासाचा जोर आकड्यात दाखवणारी फुंकायची नळी दिली. कामावर आणि सुट्टीत, दोन्हीकडे फुंकायला सांगितले. कामाच्या दिवसांत आकडा पडायचा, सुट्टीत चढायचा. डॉक्टर म्हणाले, "हार्डनरच्या वाफेने दमा झालाय. वाफ दिवसा छातीत जाते, खोकला काही तासांनी घरी उठतो. मास्कने भागणार नाही. ती हवा असेल तिथे थांबूच नका." पतींनी हे शेठना सांगितले. शेठ म्हणाले, "टेन्शन मत ले, कल से पॅकिंग में बैठ." पॅकिंग त्याच गाळ्यात चालते. मध्ये फक्त प्लास्टिकचा पडदा आहे.

सोमवारी दुपारी पडद्यापलीकडे स्प्रे चालू असताना पतींना दम लागला. दम्याचा पंप तोंडात मारूनही उतरला नाही, असे सोबतच्या कामगारांनी सांगितले. रिक्षाने नेताना वाटेतच ते गेले. मी तेव्हा लोकांच्या पोळ्या लाटत होते.

ते पहिल्यापासून दमेकरी होते, असे शेठ सांगतात. ते खोटे आहे. मी फार थकले आहे, कोणाशी भांडायला आलेले नाही. पण त्यांनी हा आजार घरून नेला असे कोणी लिहू नये.

वरील जबाब मला वाचून दाखवला. त्यात शेवटी "माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही" असे टाइप केले होते. तसे मी बोलले नव्हते. हवालदार हिंदुराव साहेब म्हणाले, "ताई, ते सगळ्यांच्याच जबाबात असतं." मी ते वाक्य काढायला लावले. आता जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.