प्राचीकडचे अवेळी हळदीकुंकू

नाव हेमलता विद्याधर पेंडसे, वय ६८ वर्षे, व्यवसाय घरकाम, मूळ राहणार मिरज, सध्या मुलाकडे, तिसरा मजला, पेरुंगुडी, चेन्नई.

समक्ष सांगते की, मला तमिळ येते, पण हा जबाब मी मराठीत देत आहे. येथील उपनिरीक्षक अलकनंदाबाई तंजावरच्या मराठी असल्याने त्या तो लिहून घेत आहेत.

माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये प्राची आणि रेवा या नोकरी करणाऱ्या मुली भाड्याने राहतात. घरमालकाचा भाऊ कौशिक किल्ली जवळ बाळगतो आणि नळ बघण्याच्या निमित्ताने येतो. नळ आजवर दुरुस्त झालेला नाही.

काल शुक्रवारी दुपारी रेवा ऑफिसला गेली होती. प्राची घरून काम करत होती. मी बाल्कनीत वाळलेले कपडे काढत असता खुर्ची पडल्याचा आवाज आला. मग प्राचीचा आवाज आला, "हात सोडा! आधी बाहेर व्हा!" ती माझ्याशीसुद्धा अर्धे इंग्रजी बोलते. अशी मुलगी मराठीत ओरडली म्हणजे पाणी डोक्यावरून गेले, हे मला कळले.

येथे एन्नोरबद्दल सांगणे भाग आहे. उपनिरीक्षकबाई म्हणाल्या, मुद्द्याचे बोला. हाच मुद्दा आहे.

माझे यजमान चेन्नईजवळच्या एन्नोरच्या वीज केंद्रात नोकरीला होते. क्वार्टर्समध्ये दोरीवरचे कपडे राखेने करडे होत, तरी तसे दिवस पुन्हा आले नाहीत. कोणाच्या घरातून बाईचे रडणे ऐकू आले, की आमच्यातल्या सर्वांत थोरल्या त्रिपुरसुंदरीबाई हळदीकुंकवाचा करंडा घेऊन त्या दारात उभ्या राहत. महिना कोणताही असो. कुंकू घेऊन आलेल्या बाईला दारातून परत पाठवण्याची कोणाची छाती नव्हती. मागोमाग आम्ही एकेक जात असू. दार उघडे ठेवायचे आणि बसायचे. "उठूं नको गे. त्याला उठूं दे," असे त्या आपल्या तंजावरी मराठीत माझ्या कानात सांगत. पुरुष चपला घालून निघून गेला की आम्ही त्या बाईसाठी कॉफी करत असू आणि पुष्कळदा हसतही असू. त्या दुपारांची मला फार आठवण येते.

यजमान वारल्यापासून माझा करंडा कपाटात होता. विधवेने तो हाती घेऊ नये असे आमच्यात मानतात. मी घेतला. इमारतीतल्या बायकांच्या ग्रुपवर "प्राचीकडे हळदीकुंकू. आत्ता." असा मेसेज टाकला आणि शेजारची बेल दाबली.

कौशिकने दार बोटभर उघडले आणि काही नाही, जा, असे तमिळमध्ये सांगितले. मी करंडा पुढे केला. शुक्रवारी दारात आलेले कुंकू नाकारू नये हे त्यालाही त्याच्या आईने शिकवले असणार. तो बाजूला झाला. प्राची भिंतीला टेकून उभी होती. तिच्या कुडत्याची बाही खांद्यावर फाटलेली होती. मी दार सताड उघडे टाकून सोफ्यावर बसले. तो म्हणाला, मुलीनेच बोलावले होते. मी म्हटले, "बरं. मी बसलेय."

कोणी येईल अशी आशा नव्हती. एन्नोरच्या गोष्टी सांगून मी लिफ्टमध्ये आणि बागेत सगळ्यांना पिडलेले आहे. मला पाहिले की बायका मोबाइल कानाला लावतात.

पण त्यांनी गोष्टी ऐकल्या होत्या. आधी शेषाद्रीमामी विड्याची पाने घेऊन आल्या. मग वरच्या मजल्यावरची इरा लॅपटॉप काखेत मारून आली, मग आणखी काही जणी. सगळ्या बसल्या. कौशिक चपला शोधू लागला. मामींनी निघतानाच पोलिसांना फोन केला होता, त्यामुळे तो खाली गेटपाशी सापडला.

प्राचीने करंडा उघडला आणि कुंकवाचे पहिले बोट माझ्या कपाळाला लावले. मी तिला अडवले नाही. मग कॉफी केली.

करंडा पुरावा म्हणून जमा करावा असे मला येथे सांगण्यात आले. माझी हरकत आहे. हवा तर फोटो काढून घ्यावा. करंडा घरी लागतो.

हे सगळे मला मराठीत वाचून दाखवले. मी बोलले तसेच उतरले आहे. एन्नोरचा मजकूर गाळू का, असे बाईंनी विचारले. मी नको म्हटले.

सही: हेमलता वि. पेंडसे