गौरा अडली

(मानपुरजवळच्या शेतातला गोठा, दुपारची वेळ. गौरा नावाची मेंढी पेंढ्यावर आडवी पडली आहे. तिच्याशेजारी जनावरांच्या डॉक्टर अरुंधती, आणि शेताचे मालक दिवाकर व त्यांची बायको यशोधरा.)

अरुंधती : ...तसं नाही काका, नेमकं सांगा. पाणमोट कधी फुटली?

दिवाकर : अभी अभी. मतलब, तुम्हाला फोन केला ना, त्याच्या थोडंसं आधी.

यशोधरा : अहो...

दिवाकर : तू गरम पाणी आण.

यशोधरा : आणलंय. हे काय, समोर ठेवलंय.

अरुंधती : काकू, तिच्या मानेवर हात ठेवा. दाबू नका. पहिलंच वेत ना हिचं?

दिवाकर : पहिलंच. कमजोर आहे जी ती. ताकदच लावत नाही, म्हणून अडली असेल.

अरुंधती : अशक्तपणानं अडते कधी कधी. कोकरू फार मोठं असलं, त्याची मान मागे वळली, पिशवीचं तोंडच उघडलं नाही, तरी अडते. आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. हात घातल्याशिवाय... अरे! ही आतून एवढी सुजली कशानं?

दिवाकर : सुजली?

अरुंधती : सुजलीय, कोरडी पडलीय. इथे तर सोललंय. माझ्या आधी कुणी हात घातला होता?

दिवाकर : नाही नाही. कोण घालेल? आम्ही दोघंच तर आहोत इथे.

अरुंधती : काका, मी रागावणार नाही. पण आत फाटलेलं असलं आणि मी आणखी जोर लावला, तर ही माझ्या हातात जाईल. मला कळायला हवं.

यशोधरा : बोला ना. की मी बोलू?

दिवाकर : ...मी ओढलं.

अरुंधती : कधी?

दिवाकर : सकाळी. दोन पाय दिसत होते, डॉक्टरसाहेब. यूट्यूबवर बघितलं होतं मी, दोन्ही पाय धरायचे आणि खाली खेचायचं. येईचना. मग दोरी बांधली.

यशोधरा : मी म्हणत होते, तुम्हाला फोन लावू. तर म्हणे, उभी जिंदगी भंवरकुआंच्या कोचिंग क्लासात पोरांना बायोलॉजी शिकवली, एक मेंढी नाही सोडवता येणार? मोबाइल माझ्या हातात दिला, व्हिडिओ काढ म्हणून. ग्रुपवर टाकायचा होता.

दिवाकर : यशोधरा, बस.

यशोधरा : ती ओरडत होती आणि मी काढत होते. माझीही गलती आहेच.

अरुंधती : जरा बोलू नका. हा एक पाय... खांदा... खांद्यावरून मान. ठीक. आणि हा दुसरा... हा भलतीकडेच जातोय.

दिवाकर : मुडलाय का?

अरुंधती : नाही काका. हा ह्या कोकराचा नाहीच. जुळी आहेत. एक पाय ह्याचा, एक त्याचा. तुम्ही दोघांना एकदम ओढत होता.

दिवाकर : हे भगवान.

अरुंधती : एकाला आत ढकलते आधी. हळू गं, हळू... गेलं आत. काकू, टॉवेल. हे आलं.

यशोधरा : हालत नाहीये हो.

अरुंधती : नाही. हे गेलंय.

दिवाकर : माझ्या खेचण्यानं?

अरुंधती : नक्की सांगता नाही येणार. पण सकाळी जिवंत असणार, काका. खोटं कशाला बोलू? सरका, दुसरं येतंय. काकू, नाक पुसा त्याचं, तोंडातला चिकटा काढा. आता चोळा. जोरात!

यशोधरा : शिंकलं! अहो, शिंकलं बघा!

अरुंधती : गौराच्या तोंडापाशी ठेवा. चाटू दे.

दिवाकर : आणि ही? ही वाचेल ना?

अरुंधती : जखम वरवरची दिसतेय. इंजेक्शनं देते, उद्या परत बघून जाते. वाचायला हवी.

दिवाकर : डॉक्टरसाहेब, तुम्ही विचारलं तेव्हा मी सरळ झूठ बोललो. पोरांना मी ह्याच्यासाठी वर्गाबाहेर काढायचो.

अरुंधती : काका, तुम्ही थोडे मागे सरा.

दिवाकर : का? काय झालं?

अरुंधती : तुम्ही वाकलात की ती उठायला बघते. आत्ता तिला उठू द्यायचं नाही.

यशोधरा : असं कसं? ही तर दिवसभर ह्यांच्याच मागे मागे असते.

अरुंधती : घाबरलीय, काकू.

दिवाकर : बरोबर आहे तिचं.

यशोधरा : अहो, कुठे निघालात? बाहेर ऊन किती आहे!

दिवाकर : इथेच आहे, भिंतीच्या पलीकडे. तिला दिसणार नाही असा. ...तिनं पाणी प्यायलं की आवाज दे.